उपास कवा सुटंल?

या सगळ्या व्यवहारात केराबाईला फार तर एक भाकरी मिळायची होती.

ऐकणारा हसेल. केराबाई सोलापुरात खानावळ चालवायची. तिच्या चुलीवरून रोज टोपलीच्या टोपली भाकरी उतरायची. पहिल्या पाळीचे गिरणी कामगार भोंग्याआधी खाऊन जायचे, दुसऱ्या पाळीचे दुपारी टेकायचे, आणि मधल्या वेळात फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या गिरणीत कुणाकुणाच्या मागापर्यंत पोचायच्या. अशा बाईला एका भाकरीची काय मातब्बरी?

पण ही भाकरी ठरलेली होती. केराबाईनं ती थापायची, तव्यावरून उतरून निखाऱ्यांच्या आराला लावायची, टम्म फुगली की बोटानं पापुद्रा फोडून वाफ जाऊ द्यायची आणि चुलीच्या डाव्या अंगाला बसलेल्या आपल्या लेकीच्या, अंबूच्या, हातात ठेवायची. अंबूनं ती खायची आणि खाऊन झाल्यावर हात धुवायला उठायचं, आपल्या पायांनी. मध्ये डोळे फिरवायचे नाहीत, पडायचं नाही, तोंडाला फेस आणायचा नाही. एवढंच केराबाईला हवं होतं. जगात याहून स्वस्त मागणं कुणी केलं असेल असं वाटत नाही, आणि याहून महाग पडलेलंही.

केराबाई मूळची मंगळवेढ्याकडची. बहात्तरच्या दुष्काळात तिच्या नवऱ्याची, बिरप्पाची, मेंढरं गेली. उरलेली विकून तो सोलापुरात आला आणि गिरणीत बदली कामगार लागला. म्हणजे दुसरा कुणी आजारी पडला तर याला काम. रोज सकाळी फाटकाशी उभं राहून लोकांच्या खोकल्याकडे आशेनं बघणारा माणूस चांगला राहणं कठीण, पण बिरप्पा राहिला. बोलायचा मात्र कमी. मेंढरांशी बोलायची सवय, माणसं उत्तर देतात हे त्याला नवीन होतं.

त्याच्या बरोबरच्या दोघा गड्यांना केराबाई भाकरी करून घालायची. दोघांचे चार झाले. घर सोडून आलेल्या माणसाला पहिल्यांदा भाकरी आठवते, बायको मागाहून. हे केराबाईनं बरोबर ओळखलं आणि खानावळ चालली. खाणाऱ्यांना मेंबर म्हणायचे. मेंबरांना ती दादा म्हणायची, मेंबर तिला अक्का म्हणायचे, आणि आमटी पातळ झाली की कुणीच कुणाला काही म्हणायचं नाही.

अंबू तेव्हा नऊ वर्षांची. तिचं दुखणं पाचव्या वर्षापासूनचं. आजी गोजरबाई म्हणायची वारं, शेजारी म्हणायचे फेफरं, दवाखान्यात म्हणायचे फिट. नावं बदलली तरी पोरगी पडायची ती तशीच पडायची. कधी धाडकन, कधी नुसती बघता बघता थांबायची, हातातली वाटी सुटायची आणि परत भानावर आली की विचारायची, "वाटी कुनी सांडली?" लोकांनी नाकाला कांदा लावला, चप्पल लावली. गोजरबाईनं बिरोबाचा भंडारा कपाळाला लावला. गोळ्या चालू होत्या. गोळ्यांनी पोरगी दिवसभर पेंगायची आणि पेंगता पेंगता पडायची.

मग एक दिवस ती चुलीशीच पडली. डावा हात आरात गेला. केराबाईचे दोन्ही हात पिठात होते. तिनं पिठाच्याच हातांनी पोरीला ओढलं. मनगटापासून कोपरापर्यंतचं कातडं पुढं कायमचं चुरगळलेलं राहिलं.

त्या दिवसापासून अंबूची जागा बदलली. चुलीपासून लांब, मेंबरांच्या पंगतीपलीकडे, दाराशी. भाकरी तिच्यापर्यंत जाईस्तोवर निवायची. निवलेली भाकरी खाताना अंबू म्हणायची, "आय, ही मेंबरांची हाय. माजी न्हाय." केराबाईच्या डोक्यात जी एक भाकरी बसली ती तिथून.

आता डॉक्टर दाक्षायणी. ही पोरांची डॉक्टर. विलायतेत शिकून आलेली आणि परत येऊन गावातच दवाखाना काढलेली. तिला या प्रकरणात काय मिळणार होतं? तिनं ते कधी लपवलं नाही. तिकडच्या एका इस्पितळात तिनं नुसत्या खाण्यावर फिट आवरलेली पोरं पाहिली होती. इथं येऊन तिनं ते जाणत्या डॉक्टरांना सांगितलं, तर ते हसले. एकानं तिचं नाव 'तूपवाली बाई' ठेवलं आणि ते नाव तिच्या पदवीपेक्षा लवकर गावभर झालं. तिला एक पोर बरं करून त्या लोकांसमोर उभं राहायचं होतं. यात वाईट काही नाही. मनात असं काही असलं की माणूस काम नीट करतो.

अंबूला तपासून झाल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "धान्य पूर्ण बंद. ज्वारी, गहू, तांदूळ, डाळ. गूळ, साखर, बटाटा, काही नाही."

"मग खायाचं काय वो?" केराबाईनं विचारलं. खानावळवालीला यापेक्षा मोठा प्रश्न सुचणं शक्य नव्हतं.

"साय. लोणी. तूप. खोबऱ्याचं तेल. अगदी थोडी पालेभाजी. आणि..." इथं बाई अडखळल्या. घर लिंगायताचं, विलायतेत जाऊनही जीभ घरचीच राहिली होती. "आणि ते. कोंबडीचं."

"कोंबडी?"

"कोंबडी नाही हो. तिचं ते... पांढरं."

"अंडं व्हय! मग अंडं म्हना की बाई. नाव घेतल्यानं काय तोंडात जातंय?"

कंपाउंडर पडद्याआड खाकरला. बाई लाल झाल्या आणि मग हसल्या, आणि त्या हसण्यावर केराबाईनं त्यांच्यावर विश्वास टाकला.

बाईंनी समजावून सांगितलं. अंगाला धान्य मिळालं नाही की अंग चरबी जाळतं. त्या जळणातून रक्तात काही उतरतं आणि त्यानं काही पोरांच्या फिट थांबतात. सगळ्यांच्या थांबत नाहीत. का थांबतात ते आम्हालाही धड ठाऊक नाही. फार पूर्वी लोकांच्या लक्षात आलं होतं की पोर उपाशी राहिलं तर फिट कमी होतात. पण पोराला उपाशी किती ठेवणार? म्हणून असं जेवण द्यायचं, की पोटाला वाटावं जेवलो आणि अंगाला वाटावं जेवलोच नाही.

केराबाईच्या चेहऱ्यावर काही उमटेना. तेव्हा बाईंनी सोपं करून सांगितलं.

"उपवासच समजा ना."

केराबाईचा चेहरा उजळला. उपास! मग एवढं लांबून फिरवून कशाला आणलं? उपास तिला कळत होता. उपासाला काय चालतं आणि काय चालत नाही हे असतंच. हा जरा वेगळ्या देवाचा उपास. आपलं बोलणं केराबाईला पटलं म्हणून दाक्षायणी खूश झाल्या, दाक्षायणीचं बोलणं समजलं म्हणून केराबाई खूश झाली. एकाच शब्दाखाली दोघींनी अंगठा उठवला. वर काय लिहिलंय ते दोघींनीही वाचलं नाही.

सुरुवातीला अंबूला दवाखान्यात नुसत्या पाण्यावर ठेवलं. त्यानं केराबाईची खात्री आणखीच पक्की झाली. मग बाईंनी औषधं तोलायचा एक लहानसा काटा तिला दिला. काय किती घालायचं ते पाठ करून घेतलं. पिठाचा अंदाज मुठीनं घेणारी, मिठाचा चिमटीनं घेणारी केराबाई आता श्वास रोखून काट्यावर लोणी ठेवू लागली. शेजारची बजाबाई दारातून डोकावून म्हणायची, "बघा गं, केराबाई पोरीला सोन्यावानी तोलून घालती!"

"सोनंच हाय माजं," केराबाई म्हणायची. "तुज्या पोराला तोलायचं तर वखारीत न्यावं लागंल."

अंबूचं जेवण म्हणजे वाटीभर साय, तीत तूप, तेलात सोडलेलं अंडं, दोन बोटांत मावेल एवढी मेथी. पहिले दिवस तिला ओकाऱ्या झाल्या. मग पोट सरावलं. तिच्या तोंडाला एक निराळाच वास येऊ लागला, फार पिकलेल्या पेरूसारखा. दवाखान्यात लघवी काचेच्या नळीत घेऊन कंपाउंडर तीत कसली पूड टाकायचा, वरून काही सोडायचा आणि थांबायचा. नळीत जांभळं कडं आलं की पथ्य बरोबर. केराबाई त्याला जांभूळ म्हणायची. "जांभूळ पडलं का वो?" विचारायची, आणि पडलं म्हटलं की मेंबरांना त्या दिवशी आमटी दाट मिळायची.

अंबूच्या फिट आधी विरळ झाल्या. मग लहान झाल्या. बाईंनी गोळ्या कमी केल्या, पेंग गेली. पोरगी बोलायला लागली, आणि बोलायला लागल्यावर ती एकच बोलायला लागली.

"आय, उपास कवा सुटंल?"

"सुटंल की."

"कवा पर?"

"डॉक्टरीणबाई सांगतील तवा."

डॉक्टरीणबाईंना हे कुणी विचारलंच नाही. उपास आहे म्हटल्यावर तो सुटणार, यात विचारायचं काय?

तोवर अंबू दाराशी बसून भाकरी ऐकायची. थापण्याच्या आवाजावरून तिला कळायचं की आता कडा पातळ होताहेत, आता पाणी फिरवलं, आता उलटली. मेंबरांची मात्र पंचाईत झाली. मैंदर्गीचा बसप्पा होता, मागावरचा, अंगानं दांडगा, भाकरी कुस्करून वर तेल ओतून खाणारा. एरवी तो खाताना घास घशातून उतरल्याचा आवाज रस्त्यावर जायचा. पण अंबू नजर न हलवता त्याच्या ताटाकडे बघत असायची. एक दिवस तो उठला आणि भिंतीकडे तोंड करून बसला. दुसऱ्या दिवशी त्याच्या शेजारचाही वळला. हळूहळू सगळी पंगत भिंतीकडे तोंड करून जेवायला लागली. नव्या येणाऱ्याला वाटायचं, एवढी माणसं रुसली कुणावर?

अंबू पाठीमागून ओरडायची, "बसूमामा, तुमची भाकरी करपली हाय."

"अय्यो, तुला कसं कळलं गं यव्वा?"

"वासावरनं."

"मी खाऊन बसलो की गं, मला कळलं न्हाय!"

"तुमी कुटं खाताय? तुमी गिळताय."

पंगत हसायची. बसप्पाही हसायचा, पण तोंड इकडे करायचा नाही.

दिवा मालवल्यावर अंबू आईचा हात ओढून घ्यायची आणि तळवा आपल्या तोंडावर ठेवायची. दिवसभर पीठ मळलेला, आरावर शेकलेला तो तळवा. त्यावर नाक दाबून ती झोपी जायची. केराबाई हात तसाच ठेवून पडून राहायची. त्या वर्षात केराबाईनं स्वतः ताजी भाकरी खाल्ली नाही. पोरगी बाहेर खेळायला गेली की मागं राहिलेली कडक भाकरी ती पाण्यात बुडवून खायची. याबद्दल ती कुणाला बोलली नाही आणि बिरप्पानं पाहिलं तरी विचारलं नाही.

दसऱ्याच्या सुमाराला फिट थांबल्या. थांबल्या म्हणजे थांबल्याच. दिवाळी गेली, सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा गेली. अंबू पाळण्यात बसली आणि खाली उतरून दुसऱ्यांदा बसायला हट्ट केला. केराबाई दर वेळी दवाखान्यातून हलक्या पायानं परत यायची. दाक्षायणीबाईंनी मोठ्या डॉक्टरांच्या बैठकीत बोलायची तारीख घेतली. सगळ्यांचं येणं वसूल होताना दिसू लागलं होतं.

महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी गोजरबाई गावाकडून आली. बिरप्पाची आई. एसटीच्या टपावरून पोतं उतरवलं, त्यात नवी जवारी. काळ्या रानातली, मोत्यासारखी, दुष्काळानंतर पहिल्यांदाच अशी पिकलेली. ती ओंजळीत घेऊन केराबाई कितीतरी वेळ हुंगत बसली.

शिवरात्रीला सगळ्या घरानं उपास केला. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांनी सोडला. अंबू दाराशी साईची वाटी घेऊन बसलेली.

"हिचा गं?" गोजरबाईनं विचारलं.

"तिचा चालूच हाय."

"कवापासनं?"

"वरीस होत आलं की."

गोजरबाईनं घास ताटात ठेवला. "वरीसभर उपास? आनि सोडला न्हाय?"

"बाईंनी सोडा म्हनलं न्हाय अजून."

"धर म्हनलं व्हतं का न्हाय?"

"व्हय."

"मग सोड म्हनाया काय त्यांच्या तोंडाला कुलूप हाय? आगं, गुन आलाय, पोर उभी ऱ्हायली, आता कशाची वाट बघतीस? उपास धरावा, फळ आलं की देवाला दाखवून सोडावा. तू तसाच लोंबत ठिवलास तर पोर देवाच्या दारात तशीच हुबी ऱ्हाईल की! आत बी न्हाय, भाईर बी न्हाय."

पुढं सगळा दोष गोजरबाईच्या पदरात पडला, म्हणून इथं थोडं नीट बघायला हवं. सासूचं केराबाई एरवी किती ऐकायची? मीठ किती घालायचं हेसुद्धा ऐकायची नाही. गावाहून आलेल्या सासूला तिनं दर खेपेला हसत हसत परत पाठवलं होतं. या एका गोष्टीत मात्र तिनं मान खाली घातली आणि म्हणाली, "तुमी म्हनताय तर मग." तिला हे कुणीतरी म्हणायला हवं होतं. गोजरबाई म्हणाली नसती तर तिनं बजाबाईकडून म्हणवून घेतलं असतं.

त्याच दिवशी नवी जवारी दळून आणली. चूल सारवली, पुढं रांगोळीचं बोट ओढलं. डाव्या अंगाला पाट मांडला. आळीतल्या पाच सवाष्णी बोलावल्या. मेंबरांना सांगितलं, आज उशीर होईल. बसप्पा तरीही आला आणि उंबऱ्याबाहेर उभा राहिला.

अंबूला न्हाऊ घातलं. पाटावर बसल्यावर ती चुलीकडे बघत एवढी गप्प झाली, की केराबाईनं वाकून तिचं तोंड बघितलं. पण पोरीचे डोळे जागेवर होते. केराबाईनं उंडा घेतला. रोज थापायची तसा थापला. भाकरी तव्यावर पडली, उलटली, आराला लागली, फुगली. केराबाईनं बोटानं पापुद्रा फोडला, वाफ निघाली, आणि भाकरी पोरीच्या दोन्ही तळव्यांवर ठेवली.

"पोळंल, फुक."

अंबूनं फुंकलं नाही. तिनं पहिला तुकडा मोडला, तोंडात घातला आणि डोळे मिटून चावला. कितीतरी वेळ चावला. दुसरा तुकडा. तिसरा. मग ती जी खायला लागली ती वर न बघता. हनुवटीला पीठ लागलं. सवाष्णींनी पदर डोळ्याला लावले. बाहेरून बसप्पा म्हणाला, "सावकाश गं यव्वा, रोट्टी कुटं पळून जात न्हाय."

"आय, आनि एक."

केराबाईनं आणखी एक दिली. मग अंबू उठली आणि हात धुवायला गेली. आपल्या पायांनी. केराबाई चुलीपुढं बसून ती पाठ बघत राहिली. हिशेब इथं मिटला असता तर केराबाईएवढी फायद्यात राहिलेली बाई साऱ्या सोलापुरात सापडली नसती.

दुसऱ्या दिवशी दुपारी अंबू नळावर बादली लावायला गेली होती. आळीतल्या पोरी म्हणाल्या, ती नळाकडे बघत होती, बघतच राहिली, आणि मग उभी कोसळली. नळाखाली घडीव दगड होता. पुढचे दोन दात त्यावर तुटले. दुधाचे नव्हते. नंतर तासाभरात पुन्हा एक आली, आणि दवाखान्यात नेताना टांग्यात आणखी एक.

जांभूळ पडलं नाही. कंपाउंडरनं नळी उजेडाला धरली, हलवली, परत धरली. पाणी.

दाक्षायणीबाई पहिल्यांदाच ओरडल्या. "काय खायला घातलंत? खरं सांगा."

"भाकरी."

"भाकरी! कुणी सांगितलं तुम्हाला भाकरी द्यायला? वर्षभर तोलून मापून घातलंत आणि एका दिवसात... कशासाठी?"

"उपास सोडला वो, बाई."

"कसला उपास?"

"तुमीच म्हनला व्हता की, उपासच समजा म्हनून." केराबाई वाद घालत नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं. "वरीस झालं, गुन आला. मग उपास सोडाया नगं?"

 शिवरात्रीचा उपास दाक्षायणीबाईंनीही धरला होता, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घरच्यांबरोबर सोडलाही होता. त्यांना तो सोडायला कुणी सांगावं लागलं नव्हतं.

त्या खुर्चीवर बसल्या. म्हणाल्या, "चूक माझी आहे, केराबाई. मी उपवास म्हणायला नको होतं."

"मग काय म्हनू?"

 खाटेवरून अंबूच बोलली. तुटलेल्या दातांतून हवा जात होती.

"पथ्य म्हन, आय. पथ्य सोडत न्हाईत."

बाईंनी सांगितलं, पुन्हा पहिल्यापासून धरायचं. फिट थांबल्या तर थांबल्यापासून दोन वर्षं. थांबतील याची खात्री नाही. केराबाईनं दोन वर्षं हा शब्द स्वतःशी एकदा म्हणून बघितला, भाकरी हातावर घेऊन वजन बघावं तसा.

फिट थांबल्या, पण या वेळी सहज नाही. पावसाळा गेला, थंडी आली तेव्हा. गोजरबाई गावी परत गेली ती पुन्हा पोतं घेऊन आली नाही. बिरप्पानं आईला पहिल्यांदाच उलटून बोललेलं आळीनं ऐकलं. मोठ्या डॉक्टरांच्या बैठकीत दाक्षायणीबाईंनी सगळं जसंच्या तसं सांगितलं, आपल्या शब्दासकट. आधी ते तुपावर हसले होते, आता शब्दावर हसले. बाईंनी हसू दिलं.

अंबू आता विचारत नव्हती. उपास कवा सुटंल, हे तिनं पुन्हा एकदाही म्हटलं नाही. केराबाई वाट बघायची. लोणी तोलताना मुद्दाम वेळ लावायची, की आता विचारील. अंबू वाटी उचलायची, संपवायची आणि पाटी घेऊन शाळेत जायची. करपलेल्या भाकरीचा वास आला तरी तिला कळायचं नाही. बसप्पानं एकदा मुद्दाम काळी झालेली भाकरी हातात धरून विचारलं, "सांग बघू यव्वा, कशी झालीय?" अंबूनं पुस्तकातून मान वर करून बघितलं. "मला काय म्हाईत, मामा. तुमी खाताय." बसप्पा भिंतीकडे वळला, पण त्या दिवशी भाकरी त्यानं तशीच ठेवली.

केराबाईनं चूल मागच्या अंगणात नेली. मेंबरांनी पत्रा घातला, बसप्पानं मेढी रोवल्या. वास घरात येऊ नये म्हणून हे सगळं. झोपायच्या आधी केराबाई राखेनं तळवे घासायची. पण अंबूनं हात ओढून घेणं केव्हाच सोडलं होतं. ती भिंतीकडे तोंड करून झोपायची. मेंबरांसारखी.

अठ्ठ्याहत्तर सालच्या थंडीत दाक्षायणीबाईंनी परवानगी दिली. एकदम नाही. आधी काट्यावर तोललेला भाकरीचा कोपरा, नखाएवढा. मग बोटाएवढा. साय कमी, भाकरी जास्त, आठवड्यामागून आठवडा. केराबाई तुकडा तोलायची आणि अंबू औषध घ्यावं तसा तो घ्यायची. फिट आली नाही. शेवटी एक दिवस बाई म्हणाल्या, "काटा परत आणून द्या, केराबाई. आता घाला काय घालायचं ते."

त्या दिवशी केराबाईनं कुणालाही बोलावलं नाही. रांगोळी काढली नाही. अंगणातल्या चुलीच्या डाव्या अंगाला पाट टाकला. अंबू आली. बारा वर्षांची, उंच झालेली, एक दात अर्धा, दुसरा त्याहून कमी, पदवीधराच्या तोऱ्यात बोलणारी. केराबाईनं थापली, उलटली, आराला लावली. फुगली. पापुद्रा फोडला, वाफ जाऊ दिली आणि तिच्या हातात दिली.

अंबूनं नीट फुंकली. पुढचे दात तुटलेले, म्हणून बाजूनं चावली. शांतपणे खात राहिली. दुसऱ्याच्या घरी जेवायला बसलेलं माणूस खातं तसं.

"कशी लागतीया?"

"चांगली हाय की."

"पयल्यासारखी?"

अंबूनं आठवून बघितलं. खरंच आठवून बघितलं, कपाळाला आठ्या घालून. "पयली कशी व्हती, आय?"

केराबाईनं चुलीतला आर सारखा केला.

अंबूनं अर्धी खाल्ली. "पुरे गं. जरा साय हाय का?" म्हणाली, आणि हात धुवायला उठली. आपल्या पायांनी. केराबाईनं ठरवलं होतं तसंच अगदी.

तर हा हिशेब. दाक्षायणीबाईंना त्यांचं बरं झालेलं पोर मिळालं, उशिरा आणि हशासकट. बसप्पाला पंगतीकडे तोंड करून जेवता येऊ लागलं, पण सवय लागल्यामुळं तो भिंतीकडेच बसतो. गोजरबाईनं नातीच्या बऱ्या होण्याचं मोल मुलाच्या अबोल्यानं भरलं. अंबूला तिचं डोकं परत मिळालं, शाळा मिळाली. त्यापोटी तिनं दोन दात दिले आणि ती भूक दिली, जी आईचा तळवा नाकावर ठेवून झोपायची. ती तिच्या नावावरून गेली, तिला त्याचं काही वाटतही नाही.

केराबाईला तिची एक भाकरी मिळाली. अर्धी पोरीनं खाल्ली. उरलेली अर्धी गार होईपर्यंत केराबाई हातात धरून बसली, मग खाल्ली. तीन वर्षांतली पहिली ताजी. भुकेच्या खात्यावरची अंबूची बाकी संपली. केराबाईची अजून आहे.